जाऊबाईंचं अंथरूण

शकु खांबेटे रोज संध्याकाळी अंथरूण घालते आणि रोज वेगळ्या जागी घालते. काल बसायच्या खोलीत, आज मागच्या काचेच्या पडवीत, परवा कपडे धुवायच्या मशीनशेजारी. घर तिचं, गादी तिची, पाठ तिची. यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पण चौसष्ट वर्षांची एक बाई स्वतःच्या घरात कुठं झोपते एवढ्यावरून गेल्या जुलैत तिचं घर विकायची भाषा झाली, तिच्या डोक्याची परीक्षा झाली, आणि पाचशे किलोमीटरवर मुलाच्या घरी पापाकुराला तिच्या नावानं एक कठडा लावलेला पलंगसुद्धा येऊन पडला. तेव्हा सगळं सुरुवातीपासून सांगितलेलं बरं.

शकुनं बोर्निओ कधी पाहिलेलं नाही. विमानातूनसुद्धा नाही. तरी तिथल्या एका जंगलातल्या ओरांगउटानांचे रुसवेफुगवे तिच्याइतके ठाऊक असलेलं माणूस अख्ख्या पामर्स्टन नॉर्थमध्ये दुसरं सापडायचं नाही. सत्त्याण्णव साली नवऱ्याबरोबर ती पुणं सोडून परदेशातल्या या गावात आली. मोरेश्वर इंजिनियर, त्याला दूध पावडरच्या कारखान्यात नोकरी लागली. ही पुण्याहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, हिला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. आठ वर्षं तिनं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या विसळल्या. सायकलवरून वाऱ्याशी झगडत जायचं, विसळायचं, वाऱ्याशी झगडत यायचं. पामीचा, म्हणजे या पामर्स्टन नॉर्थचा, वारा ज्यानं खाल्लाय त्याला हे निराळं सांगायला नको.

मग एका प्राध्यापकाकडे बोर्निओहून व्हिडिओंची खोकी येऊन पडायला लागली. तिथली माणसं एकेका ओरांगउटानाच्या मागं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जंगलातून फिरत आणि चित्रण करत. ते सगळं बघून दर दोन मिनिटांनी एक नोंद करायची: खातोय, चालतोय, नुसता बसलाय. विद्यार्थी दोन महिन्यांत कंटाळून पळायचे, कारण ओरांगउटान बराच वेळ नुसताच बसतो. शकुनं हात पुसत विचारलं, "हे मी बघू का?" प्राध्यापक म्हणाले, वेळ लागेल. ती म्हणाली, माझ्याकडे आहे. त्याला वीस वर्षं झाली. प्राध्यापक निवृत्त होऊन मासे पकडायला गेले, शकु अजून बघतेय.

"उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे तुझं," मोरेश्वर चिडवायचा.

"शेळ्या नाहीत त्या," ती म्हणायची. "आणि मला उंट तरी कुणी दिलाय?"

त्या जंगलातल्या एका मादीला कागदावर एफ-नऊ म्हणतात. शकु तिला जाऊबाई म्हणते. का, तर पहिल्याच दिवशी तिनं कॅमेऱ्याकडे असं काही बघितलं की शकुला आपल्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. खालची माणसं फार जवळ आली की ही एक पान तोडायची, ओठांशी धरून पुच्च असा मोठ्ठा आवाज काढायची आणि ते पान त्यांच्या अंगावर टाकून द्यायची. नापसंती दाखवायची ती त्यांची रीतच आहे. जाऊबाईंच्या लेकराला शकुनं पुतण्या म्हणायला सुरुवात केली. अधूनमधून उगवणारा एक धिप्पाड नर होता, दोन्ही गालांना थाळ्याएवढे मांसाचे पडदे, आला की झाड हलवून सगळं रान दणाणून सोडायचा, दोन दिवस राहायचा आणि निघून जायचा. ते भाऊजी. त्यांच्यात संसार असा नसतोच. आई आणि मूल, बाकी ज्याचं त्यानं बघावं.

पण मूल मात्र आई सात-आठ वर्षं सांभाळते. माणसाखालोखाल एवढा धीर कुणाला नाही. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल सोलून खायची, पाऊस आला की डोक्यावर मोठं पान कसं धरायचं, सगळं पोर आईच्या कुशीतून बघून शिकतं. आणि रोज संध्याकाळी आई झोपायची जागा नवी करते. कालची कितीही चांगली असो, आज सहसा दुसरं झाड. जाड फांद्या वाकवून एकमेकींत अडकवायच्या, त्यावर बारीक डहाळ्या, त्यावर पानं, उशाला आणखी थोडी पानं, पाऊस असला तर वरून छप्पर. सात-आठ मिनिटांत काम तमाम. विद्यापीठाच्या कागदावर याला 'नेस्ट' म्हणतात. शकुला ते कधी पटलं नाही. घरटं पाखराचं, अंडी घालायला. हे तर रोज घालायचं आणि सकाळी सोडून द्यायचं. याला आपल्यात शब्द आहे की. तिनं स्वतःच्या वहीत पहिल्या दिवसापासून 'अंथरूण' लिहिलं.

मोरेश्वर दोन वर्षांपूर्वी गेला. रविवारी दुपारी पलंगावर वामकुक्षीला आडवा झाला तो उठलाच नाही. प्रसाद, त्यांचा एकुलता एक मुलगा, पापाकुराहून बायको-मुलीला घेऊन आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. शकु एकटी उरली. दहा महिने ती त्याच पलंगावर डाव्या बाजूला पडायची आणि उजव्या बाजूकडे पाठ करून जागी राहायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, झोप यायची नाही. कुणाला सांगणार? लोक म्हणतात, वेळ जाऊ द्या. रात्रीचा वेळ जात नाही हेच तर दुखणं होतं.

एके दिवशी ऑफिसात ती जाऊबाईंचं संध्याकाळचं चित्रण बघत होती. जाऊबाई चालत चालत आदल्या दिवशीच्याच झाडापाशी आल्या. कालचं अंथरूण तिथं तसंच होतं, पानं जरा सुकलेली. त्यांनी बघितलं, हात लावून बघितलं. आणि पुढं गेल्या. चार झाडं ओलांडून त्यांनी पहिली फांदी वाकवली. हे शकुनं आजवर हजार वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी मात्र दोन मिनिटांची नोंद करायची राहून गेली. ती घरी आली. पापाकुराजवळच्या पापाटोएटोतल्या एका देशी दुकानातून पाहुण्यांसाठी आणलेली कापसाची गादी कपाटात होती, ती तिनं ओढत बसायच्या खोलीत आणली, वर चादर, वर आईची गोधडी, आणि आडवी झाली ती सकाळी सातला उठली. दुसऱ्या दिवशी गादी काचेच्या पडवीत. त्या दिवसापासून गोळ्या बंद. सकाळी अंथरूण गोळा करायचं, संध्याकाळी नवं घालायचं. निम्मं आयुष्य पुण्यात दोन खोल्यांत तिनं हेच केलेलं होतं, नवं काय होतं त्यात?

आता प्रसादचं बघा. मुलगा चांगला, नाकासमोर चालणारा, कॉम्प्युटरवाला. पण सहाव्या वर्षी या देशात आला आणि त्याचं मराठी तिथंच राहिलं. नऊ वर्षांचा असताना पुण्याहून फोन आला होता, "आजीनं अंथरूण धरलंय." तीन आठवड्यांत आजी गेली. त्या पोरानं ते शब्द मनात जपून ठेवले. आणि आता रोज संध्याकाळी साडेपाचला, इकडच्या जुलैतल्या थंडीत बाहेर काळोख पडायला लागला की, आई फोनवर म्हणायची, "ठेव आता, मी अंथरूण घालते."

घालणं आणि धरणं. फरक एका क्रियापदाचा, पण जमीनअस्मानाचा. अंथरूण घालतो तो झोपणार असतो आणि धरतो तो जाणार असतो. प्रसादला एवढंच कळलं की आई रोज अंथरुणाबद्दल बोलते आणि तेही साडेपाचला. चार दिवस त्यानं ऐकलं. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि सहा तास गाडी हाकत पामीला येऊन थडकला.

दार उघडायला शकु हातात लाटणं घेऊन आली. चांगली ठणठणीत. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आई, तू उठलीस कशाला?"

"मग दार काय लाटण्यानं उघडलं असतं?"

तेवढ्यावर हसून सुटलं असतं. पण मग त्यानं घर बघितलं. पलंगावर पुस्तकांच्या चळती. गादी गुंडाळून धुलाईच्या मशीनशेजारी. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या बोळात, तिसऱ्या दिवशी पडवीत. तो बाहेर अंगणात जाऊन जुईशी, म्हणजे बायकोशी, हळू आवाजात बोलत राहिला. आत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. आई, यू नो, विसरणं इज नॉर्मल, असं काहीसं तो म्हणाला. पापाकुराला खोली तयार आहे म्हणाला. पलंगाचा फोटो दाखवला, कठडा वरखाली होणारा. घर विकायला हरकत नाही, आत्ता भाव बरा आहे. आणि उद्या एक नर्स येणार आहे, नुसते प्रश्न विचारायला.

शकुच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटोकडे बघून तिच्या तोंडून अगदी जाऊबाईंसारखा पुच्च असा आवाज गेला. पान तेवढं हाताशी नव्हतं.

"मी विसरत नाही," ती म्हणाली. "कुठं झोपले ते मला रोजचं सांगता येईल. तुला मागच्या मंगळवारचं सांगता येईल?"

"मी रोज सेम बेडवर झोपतो, आई."

"तेच म्हणते मी. तुला लक्षात ठेवावं लागत नाही."

नर्स आली ती अरोहा नावाची, पन्नाशीची, हनुवटीवर गोंदण असलेली माओरी बाई. किया ओरा म्हणून नमस्कार केला, बूट दाराबाहेर काढले, इथंच शकुला ती बरी वाटली. तारीख विचारली, वार विचारला. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, शकुनं दोनापर्यंत आणून सोडलं. घड्याळ काढायला लावलं. मग चित्रांची कार्डं निघाली. हत्ती. उंट. आणि तिसऱ्या कार्डावर तांबूस केसांचा, लांब हातांचा, फांदीला लोंबकळणारा एक छोटा जीव.

"ओरांगउटान," शकु म्हणाली. "आणि आईविना काढलाय. एवढा लहान असताना तो एकटा लोंबकळत नाही."

अरोहानं हातातल्या कागदावर बघितलं. तिथं उत्तर छापलेलं होतं: मंकी. तिनं जरा अडखळत विचारलं, आपण याला साधं काय म्हणतो?

"आई, मंकी म्हण ना," प्रसाद मधेच बोलला. "माकड. झालं. एक मार्क आहे."

शकुनं मुलाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला आई नापास व्हायला नको होती, हे तिला कळलं. तो तिच्याच बाजूनं घाबरला होता. म्हटलं असतं माकड तर काय बिघडलं असतं? एक शब्द, एक मार्क, सुटका. वीस वर्षं तिनं दर दोन मिनिटांनी खरं तेच लिहिलं होतं. दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहिलं होतं. आता स्वतःचं घर वाचवायला खोटं लिहायचं?

"शेपूट दाखव मला यात," ती इंग्रजीत अरोहाला म्हणाली. "शेपूट असेल तर माकड म्हणते. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायला आलीस ना तू? मग तुझं कार्ड चुकलं आहे हे मला कळतंय, हेही लिही."

प्रसादनं कपाळाला हात लावला. अरोहानं कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, उलटं करून बघितलं. मग छापलेल्या उत्तरावर काट मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं.

"आणि झोपता कुठं?" तिनं विचारलं. "तुमचा मुलगा म्हणतो, रोज वेगळीकडे."

शकुनं सांगितलं. गादी, गोधडी, सकाळी गोळा करणं. जाऊबाईंचंही सांगितलं, आडपडदा न ठेवता. अरोहा शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "आमच्या मराएमध्ये, म्हणजे जमातीच्या सभाघरात, आम्ही सगळेच असे झोपतो. भिंतीला लागून गाद्या घालायच्या, सकाळी एकावर एक रचून ठेवायच्या. कुणाचं माणूस गेलं की तर त्याच्याशेजारीच. माझ्या आजीला पलंगावर झोप यायची नाही." आणि प्रसादकडे वळून म्हणाली, "तुझी आई स्वीट ॲज, एकदम ठीक आहे. मला यात आजार दिसत नाही."

बूट घालून ती गेली. शकुला वाटलं, संपलं. पण मुलगे एवढ्यात ऐकतात होय? परीक्षेत आई पास झाली म्हणून पलंग परत पाठवायचा, हे काही प्रसादच्या मनाला येईना. संध्याकाळ होत आली. तो खोल्याखोल्यांतून फिरत होता.

"तरी पण आई, तीन बेडरूम्स. एकट्या माणसाला कशाला? तूच शिकवलंयस मला. अंथरूण पाहून पाय पसरावे."

ही एक म्हण पोराला बरोबर पाठ होती. शकु पोळ्या करत होती, तिनं गॅस बंद केला.

"ती म्हण कुणासाठी आहे माहितेय? ज्याचं अंथरूण दुसऱ्यानं घातलंय त्याच्यासाठी. त्यानं मुकाट्यानं मिळेल तेवढ्यात पाय आखडून झोपावं. मी जन्मभर झोपले तशी. वडिलांनी घातलं त्यात झोपले, तुझ्या बाबांच्या नोकरीनं घातलं त्यात झोपले, या गावात नळ्या विसळल्या. तक्रार नाही माझी. पण आता माझं मी घालते. पाय केवढे आहेत ते बघून घालते."

"मला भीती वाटते गं," प्रसाद म्हणाला. आवाज एकदम नऊ वर्षांच्या पोराचा झाला. "तू एकटी असशील आणि बाबांसारखं..."

"त्या पलंगावर तुझे बाबा गेले, प्रसाद. दहा महिने मी त्यावर जिवंतपणी मेल्यासारखी पडले. तू मला तिथून काढून दुसऱ्या पलंगाला कठडा लावून बांधणार आहेस. ते मला नको. मी घाबरत नाही असं नाही. मला माझ्या घरात घाबरायचंय."

ती लॅपटॉप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. "बस. हे चार वर्षांपूर्वीचं आहे. पुतण्या आठ वर्षांचा."

पडद्यावर संध्याकाळ होती. जाऊबाई आपलं अंथरूण घालून आडव्या झाल्या होत्या. त्यांच्या पोटाशी नवं तान्हं होतं. पुतण्या नेहमीप्रमाणे आत शिरायला आला. जाऊबाईंनी हात आडवा धरला. तो ओरडला, रुसला, फांदीवरून लोंबकळला. मग तीन हात लांब जाऊन त्यानं आपलं घालायला घेतलं. एक फांदी वाकवली ती सुटली. दुसरी वाकवली. पानं टाकली ती खाली पडली. शेवटी कसंबसं काहीतरी झालं, एक फांदी भलतीकडे बाहेर आलेली, आणि तो त्यात बसला. जाऊबाई मान वळवून सगळं बघत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"हेल्प का नाही करत ती?" प्रसादनं विचारलं.

"त्यांच्यात मुली आईच्या आसपास राहतात. मुलगे लांब जातात, कुठल्या कुठं. हा पुढच्या वर्षी गेला, परत दिसला नाही. मी ते लिहिलं तेव्हा रडले होते, ऑफिसात, सगळ्यांसमोर. पण एक सांगते, गेल्या वीस वर्षांत मी एकही आई मुलाच्या मागं गेलेली बघितलेली नाही."

प्रसादनं लॅपटॉप मिटला. मग फोन काढून जुईला म्हणाला, तो बेड रिटर्न होतो का बघ. पलीकडून सात वर्षांची स्वरदा ओरडून विचारत होती, "इज आजी कमिंग ऑर नॉट?" तो म्हणाला, नॉट. समरमध्ये येईल, पाहुणी म्हणून.

बाहेर काळोख पडायला लागला होता. शकुनं आपली गादी उचलली, बसायच्या खोलीत नेली, चादर झटकली. प्रसाद दुसरं टोक धरायला धावला.

"सोड," ती म्हणाली. "मला येतं. तुझी कपाटात आहे, निळी. तुझं तू घाल."

गेले तीन दिवस तो सोफ्यावर झोपत होता. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं कधी गादी घातलेली नव्हती. ती निळी गादी त्यानं पडवीत ओढत नेली. चादर तिरकी पडली, एक कोपरा उघडा राहिला, उशी पायाकडे गेली. शकुला दारातून सगळं दिसत होतं. तिचे हात शिवशिवले. ती उठली नाही.

"आई," थोड्या वेळानं पडवीतून हाक आली, "इथं खूप वारा येतो गं."

"मग उद्या दुसरीकडे घाल," शकु म्हणाली.